काटा कधी हलतो, ते आधी लिहून ठेवा

धर्माबाद, उमरी, कुंडलवाडी, बिलोली या भागात जुन्या मालट्रकवर पोट असलेल्या सगळ्या मालक-चालक बंधूंना हे आवाहन आहे. आपल्याकडे लाल मिरचीचा हंगाम आणि उन्हाचा कडाका एकाच वेळी येतात. पोती भरून गाड्या कधी सीमेपलीकडे बासर-निजामाबादला जातात, कधी नांदेडला, तर कधी लोहा-अहमदपूरचा चढ चढून लातूरला. नेमक्या याच दिवसांत इंजिनाच्या तापमानाचा काटा वरखाली होऊ लागतो. मग गाडी गॅरेजात लागते आणि पार्ट बदलायला सुरुवात होते. आधी थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, शेवटी रेडिएटर. भाडं बुडतं, खिसा रिकामा होतो, आणि काटा पुन्हा पहिल्यासारखाच नाचतो.

माझं सांगणं एवढंच आहे. एकही पार्ट बदलण्याआधी काटा नेमका कधी चढतो आणि कधी उतरतो, हे चार-पाच दिवस वहीत लिहून काढा. गाडी भरलेली होती की रिकामी, चालत होती की उभी, चढ होता की सपाट, वेळ दुपारची की रात्रीची, सकाळी पाणी किती घालावं लागलं, हे सगळं लिहा. काट्याची चाल कळली की अर्धा दोष तिथेच सापडतो.

थोडी हालचाल ही खोड नव्हे. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या आसपास उघडायला लागतो आणि ९५च्या जवळपास पूर्ण उघडतो. भरलेली गाडी चढाला लागली की काटा थोडा वर सरकणार, उताराला थोडा खाली येणार. मधल्या पट्ट्यात तो सावकाश हलत असेल तर काळजीचं कारण नाही. काळजी करायची ती नव्या चालीची. महिनाभरापूर्वी याच रस्त्यावर, एवढ्याच मालाला काटा जिथे थांबत होता, तिथे तो आता थांबत नसेल, तर वही उघडा.

काट्याची चाल काय सांगते

पहिली खूण वेगाची. इंजिनात कितीतरी लिटर पाणी असतं. ते तापायलाही वेळ लागतो आणि निवायलाही. म्हणून खड्ड्यात चाक गेलं आणि काटा टुणकन उडाला, हेडलाइट लावली किंवा इंडिकेटर दिला की हलला, तर दोष बहुधा पाण्यात नसून वायरिंगमध्ये असतो. डिझेलचा काटाही त्याच क्षणी हलत असेल तर संशय अर्थिंगवर घ्या. बॅटरीपासून चेसिसला आणि चेसिसपासून इंजिनाला जाणारी जाड वायर सोडवा, गंज घासून काढा, पुन्हा घट्ट आवळा. डॅशबोर्डच्या मागची अर्थही तशीच तपासा. या कामाला पॉलिश पेपर आणि पाना पुरतो.

सेन्सरची परीक्षाही सोपी आहे. बहुतेक गाड्यांत चावी चालू ठेवून सेन्सरची वायर काढली की काटा थंडाकडे पडतो, आणि तीच वायर क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवली की गरमकडे चढतो. असं झालं तर मीटर आणि वायर ठीक आहेत. मग सेन्सर पाहायचा किंवा खरोखर तापणाऱ्या इंजिनाचा शोध घ्यायचा. फार जुन्या गाड्यांत वायरऐवजी बारीक धातूची नळी मीटरपर्यंत गेलेली असते. ती कुठे चेपली वा तुटली आहे का, तेवढं पाहा.

दुसरी खूण उभ्या गाडीची. वजनकाट्याच्या रांगेत किंवा बाजार समितीच्या फाटकाशी गाडी उभी असताना काटा चढतो आणि रस्त्याला लागलं की उतरतो, तर हवा कमी पडते आहे. चालत्या गाडीला वारा समोरून मिळतो, उभ्या गाडीला तो फक्त पंख्याकडून मिळतो. फॅन बेल्ट सैल झालाय का, पंख्याला क्लच असेल तर तो धरतोय का, ते बघा. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. त्याहून जास्त दबत असेल किंवा आतून चकचकीत झाला असेल तर तो घसरतो आहे.

तिसरी खूण याच्या उलट. उभ्या गाडीत काटा शांत, पण भरलेली गाडी वेगात किंवा चढाला लागली की वर जातो. इथे रेडिएटर आतून बुजल्याचा संशय घ्या. खालचा होस पाइप मऊ पडला असेल तर इंजिन रेस केल्यावर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो आणि पाणी अडतं. बॉनेट उघडून, हात पंख्यापासून लांब ठेवून, कुणाला तरी इंजिन रेस करायला सांगा आणि पाइपकडे नुसतं बघा.

चौथी खूण सकाळची. गाडी सुरू केल्यावर काटा खूप वर जातो, मग अचानक खाली येतो, पुन्हा चढतो. थर्मोस्टॅट अडखळत उघडत असेल किंवा पाण्याच्या वाटेत हवा अडकली असेल. पाणी नुकतंच बदललं असेल तर आधी हवा काढा. थर्मोस्टॅट तपासायचा तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लोंबता ठेवा आणि पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला पाहिजे.

पाचवी खूण सगळ्यात घातकी. काटा चढत चढत जातो आणि एकाएकी खाली पडतो. ड्रायव्हरला हायसं वाटतं. पण पुष्कळदा तेव्हा पाणी इतकं कमी झालेलं असतं की सेन्सर कोरडा पडतो आणि काट्याला इंजिनाची उष्णता कळेनाशी होते. वाफ, गोडसर वास, इंजिनाचा बदललेला आवाज, गाडीची कमी झालेली ओढ यांपैकी काहीही सोबत असेल तर खाली पडलेल्या काट्यावर विश्वास ठेवू नका. ताबडतोब थांबा.

सहावी खूण हेड गॅस्केटची. बाहेर कुठेही गळती नाही, तरी रोज पाणी कमी होतं. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच वरचा होस पाइप दगडासारखा कडक होतो, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, डिपस्टिकवरचं ऑइल दुधट दिसतं. अशा गाडीत माल भरू नका. आता गॅस्केटवर भागतं, ते पुढे हेडवर आणि ब्लॉकवर जातं.

कमी खर्चाची कामं आधी

गॅरेजात शिरण्याआधी तीन गोष्टी स्वतः करा. पहिली, रेडिएटर बाहेरून धुवा. आपल्याकडे मिरचीची धूळ, सोयाबीनचा भुसा आणि कापसाचे तंतू जाळीत असे बसतात की समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत वारा जात नाही. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने निघतो. धार फार जोराची नको, पाकळ्या वाकतात.

दुसरी, रेडिएटरचं झाकण बदलून बघा. कुकरची शिट्टी जे काम करते तेच हे झाकण करतं: दाब धरून ठेवतं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण झाकणाने सात पौंडांचा दाब धरला तर तेच पाणी ११० अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. रबर चिरलं किंवा स्प्रिंग ढिली झाली की हा आधार जातो. मग ठणठणीत रेडिएटरही पाणी बाहेर फेकतो. झाकण मात्र त्याच दाबाचं घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुने होस पाइप आणि रेडिएटर फुटतात.

तिसरी, पाणी बदला. ज्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, तेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये जातं. क्षारांचा थर आतल्या नळ्यांवर आणि इंजिनाच्या पाणवाटेत बसतो, आणि तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात वापरा. बहुतेक कूलंटला ते निम्मं-निम्मं असतं. कूलंट थंडीच्या प्रदेशासाठीच असतं हा गैरसमज सोडा. ते उकळबिंदू वाढवतं आणि गंज रोखतं. जुनं कूलंट मात्र रस्त्याकडेला ओतू नका. ते विषारी असतं, आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री-जनावरं ते पितात.

एक उपकरण मात्र जरूर घ्या, चार मालकांनी मिळून घेतलं तरी चालेल: बंदुकीच्या आकाराचा इन्फ्रारेड थर्मामीटर. कोरोनाच्या काळात कपाळावर धरायचे तो नव्हे, इंजिनासाठी मिळतो तो. थर्मोस्टॅटच्या घरावर नेम धरला की डॅशबोर्डचा काटा खरं बोलतोय की नाही ते लगेच समजतं. रेडिएटरवर फिरवला आणि मध्येच मोठा थंड पट्टा लागला, तर तेवढ्या नळ्या बुजल्या आहेत.

थर्मोस्टॅट काढून फेकू नका

मिस्त्री बंधूंना हात जोडून विनंती. “आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला?” असं म्हणून तो काढून टाकण्याची रीत पडली आहे. ती बंद करा. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर तापत नाही, थंड इंजिन जास्त डिझेल पितं आणि आतून जास्त झिजतं. शिवाय कित्येक इंजिनांत हाच थर्मोस्टॅट गरम झाल्यावर आडवाट बंद करून सगळं पाणी रेडिएटरकडे पाठवतो. तो काढला की ती आडवाट उघडीच राहते आणि थोडं गरम पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात फिरतं. थंड ठेवायला म्हणून केलेल्या उपायानेच गाडी चढावर तापते.

काटा लाल पट्ट्यात गेला तर

ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, पार्किंग लाइट लावा. वाफ नसेल, बेल्ट शाबूत असेल आणि पाणी गळत नसेल, तर इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर चालू द्या, म्हणजे पाणी फिरत राहून उष्णता निघते. वाफ दिसली, बेल्ट तुटला, पाणी गेलं किंवा काटा उतरतच नसेल, तर इंजिन लगेच बंद करा.

आणि झाकणाला हात लावू नका. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतो. गरम रेडिएटर उघडला की उकळतं पाणी थेट तोंडावर आणि छातीवर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा पाइप हाताला सोसेल एवढा निवला की जाड ओला कपडा धरून झाकण आधी थोडंच फिरवा, दाब पूर्ण जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका, हेड तडकतं. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, ऑइल काही लावू नका. तिथून सरळ दवाखाना गाठा.

मालकांना शेवटचं

काटा दिवसभर बघतो तो ड्रायव्हर. तो फोन करून म्हणाला, “मालक, गाडी गरम होतेय, थांबलोय,” तर त्याला उशिराबद्दल बोलू नका. एकदा बोललात की पुढच्या वेळी तो थांबणार नाही, आणि जाम झालेल्या इंजिनाचं बिल तुमच्याच दारात येईल. एक वही आणि पेन डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, लिहिता येत नसेल तर क्लीनरला लिहायला लावा. गाडी दाखवायला न्याल तेव्हा ती वही मिस्त्रीसमोर ठेवा, आणि त्यानेही पाना उचलण्याआधी ती वाचावी असा आग्रह धरा. बदललेला प्रत्येक पार्ट तारखेसह तिच्यातच नोंदवा. यंदाच्या हंगामाचं पहिलं भाडं घेण्याआधी एवढं कराच.