डोळ्याची ट्यूब आणि डॉक्टरांची चिठ्ठी



या पानावर आपण बहुतेक वेळा बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्याची खते आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयीच बोलतो. शेतकी खात्याच्या माणसाने जनावरांच्या डोळ्यांविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. पण आपल्या कारखान्याचा काही ऊस अजून बैलगाडीने येतो, आणि बैलाला दिसत असेल तरच तो गव्हाणीपर्यंत पोहोचतो. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात दोन-चार गाई, शेळ्या आणि वस्तीवर एखादे कुत्रे असतेच. त्यांच्या डोळ्यांवर आपण जे घरगुती उपचार करतो, ते पाहून स्पष्ट लिहावेसे वाटले.

माझे म्हणणे थोडक्यात असे: जनावराच्या डोळ्यात कोणतीही ट्यूब पिळण्याआधी तो डोळा गुरांच्या डॉक्टरांनी पाहिला पाहिजे. आणि हंगामात ही सोय करण्याची जबाबदारी एकट्या गाडीवानाची नाही, ती आपल्या कारखान्याचीही आहे.

हंगामात बैलाच्या डोळ्याला त्रास होण्याची कारणे आपल्या सर्वांच्या पाहण्यातली आहेत. फडात पाचटाची धारदार पाती डोळ्याला घासतात, कूस जाते. तळावर गाड्या नंबरला लागल्या की पुढच्या गाडीतून बाहेर आलेला ऊस मागच्या बैलाच्या तोंडावर येतो. रस्त्याची धूळ, बगॅसचा भुसा, चिमणीची राख यांची भर असतेच. कोप्यांजवळ शेण आणि मळीच्या वासाने माश्या घोंगावतात. त्या एका बैलाच्या डोळ्यावरून उठतात आणि दुसऱ्याच्या डोळ्यावर बसतात.

या माश्यांबरोबर रोगही फिरतो. गाईबैलांच्या साथीच्या डोळे येण्यामागे बहुतेक वेळा मोराक्सेला बोव्हिस नावाचे जिवाणू असतात. सुरुवातीला एका डोळ्यातून पाणी गळते, जनावर उन्हात डोळा मिटून घेते. एक-दोन दिवसांत बुबुळावर मधोमध पांढुरका-निळसर ठिपका दिसतो. आपण त्याला ‘फूल पडले’ म्हणतो. खरे तर ती बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जखम असते. वेळेवर औषध मिळाले तर ती काही आठवड्यांत भरून येते, मागे थोडा डाग राहतो. दुर्लक्ष झाले तर जखम खोल जाते, पडदा फुटतो आणि डोळा कायमचा जातो.

इथपर्यंत कोणी म्हणेल, “मग जिवाणूची ट्यूब आणा आन् घाला, त्यात काय अवघड हाय?” अवघड आहे ते असे, की बाहेरून सारखे दिसणारे डोळे आतून सारखे नसतात.

एका बैलाच्या डोळ्यात कूस अडकलेली असते. ती काढल्याशिवाय कितीही ट्यूब घाला, पाणी थांबत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यात पांढरे बारीक जंत असतात. हे जंतही माश्यांमार्फतच येतात आणि जिवाणूंच्या औषधाला ते दाद देत नाहीत, त्यांचे औषध वेगळे. २०२२ साली लम्पीची साथ आली, तेव्हा काही जनावरांच्या डोळ्यांवरही परिणाम झाला. तो विषाणूचा रोग, म्हणजे जिवाणूनाशकाने मूळ रोग हटत नाही. शेळ्यांचे डोळे येतात त्यामागे पुष्कळदा मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असतो. त्याला पेशीचे कवचच नसते आणि पेनिसिलिन नेमके ते कवच तोडणारे औषध. त्यामुळे तिथे पेनिसिलिन फुकट जाते, टेट्रासायक्लिन गटातले औषध लागू पडते. म्हणजे गळणारा डोळा पाचही ठिकाणी दिसतो, औषध मात्र ठिकठिकाणी वेगळे.

फुकट गेलेल्या औषधाचे नुकसान पैशापुरते असते. यापेक्षा मोठा धोका दुसऱ्याच ट्यूबचा आहे. माणसांसाठी आणलेल्या डोळ्यांच्या पुष्कळ थेंबांत आणि मलमांत जिवाणूनाशकाबरोबर स्टिरॉइड मिसळलेले असते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांतली नावे. स्टिरॉइडचा गुण असा, की लाली आणि सूज एका दिवसात उतरते. गाडीवानाला वाटते, औषध लागू पडले. पण बुबुळावर जखम असेल तर स्टिरॉइड तिला भरू देत नाही, जंतूंना रान मोकळे करून देते आणि पडदा आतून विरघळू लागतो. वरून डोळा निवळलेला आणि आतून पोखरलेला, असा प्रकार होतो. आठ दिवसांनी डोळा फुटला की आपण नशिबाला बोल लावतो. तोपर्यंत ती ट्यूब शेजारच्या गाडीवानाकडे गेलेली असते, कारण “आमच्या बैलाला एका दिवसात उतार पडला होता.”

जखम आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी नेहमी कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे फ्लुओरेसिनची कागदी पट्टी असते. तिचा नारिंगी रंग ओल्या डोळ्यात उतरतो. नंतर डोळा धुतला की निरोगी पडद्यावरून रंग निघून जातो आणि जखम असेल तेवढी जागा हिरवी दिसते. काम पाच मिनिटांचे आहे, खर्चही किरकोळ आहे. या पाच मिनिटांवर स्टिरॉइड चालेल की नाही हे ठरते, म्हणजे बैलाचा डोळा राहणार की जाणार हे ठरते. चिठ्ठीवर ट्यूबचे नाव तर असतेच, पण तिची खरी किंमत या तपासणीत आहे.

कायदाही हेच सांगतो. औषधे नियम, १९४५ यांच्या एच परिशिष्टातील औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१४ पासून काही जिवाणूनाशके एच-१ या आणखी कडक यादीत आहेत. त्यांच्या विक्रीची दुकानदाराने वहीत नोंद ठेवावी लागते. पाकिटावरची उभी लाल रेघ ही ‘डॉक्टरला विचारल्याशिवाय नको’ याची खूण आहे. पण बाजाराच्या गावी दुकानात जाऊन “बैलाच्या डोळ्याला काहीतरी द्या” म्हटले, की काउंटरवर ट्यूब येते. दोष एकट्या दुकानदाराचा नाही, मागणारे आपणच आहोत.

दुभत्या जनावरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. टोक कापून डोळ्यात पिळायच्या क्लोरॅम्फेनिकॉलच्या छोट्या कॅप्सूल आपल्याकडे वर्षानुवर्षे घराघरात आहेत, आणि गाईच्या डोळ्यात त्या सर्रास जातात. माणसांमध्ये हे औषध क्वचित का होईना, हाडांच्या मगजातली रक्तनिर्मितीच बंद पाडते. म्हणून दुधा-मांसातून ते माणसाच्या पोटात जाऊ नये, असे धोरण जगभर आहे. आपल्या केंद्र सरकारनेही मार्च २०२५ मध्ये अन्न देणाऱ्या जनावरांसाठीच्या क्लोरॅम्फेनिकॉलच्या सर्व औषधांवर बंदी घातली. चालणारी औषधे दिली, तरी किती दिवस दूध डेअरीला घालायचे नाही हे डॉक्टरांनाच विचारावे लागते. डोळ्याच्या साथीवर ते पुष्कळदा दीर्घकाळ टिकणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनचे इंजेक्शन देतात. त्याचा अंश दुधात काही दिवस उतरतो. ते दूध आपल्याच गावातली पोरे पितात.

वस्तीवरच्या कुत्र्या-मांजरांची गोष्ट थोडी वेगळी. कुत्र्याच्या डोळ्यात चिपडे येतात तेव्हा जिवाणू बहुधा मागाहून घुसलेले असतात. मूळ कारण दुसरेच असते. कधी डोळ्यात कुसळ गेलेले असते, कधी पापणी आत वळून घासत असते, कधी डोळ्यातले पाणीच आटलेले असते. लहान पिलाचे डोळे आणि नाक दोन्ही गळत असतील, ताप असेल, तर तो डिस्टेंपर असू शकतो. तिथे डोळ्याच्या ट्यूबवर विसंबून दिवस घालवणे म्हणजे पिलू गमावणे. मांजरांमध्ये विषाणूचा संसर्ग नेहमीचा. पोराच्या डोळे येण्यातून उरलेले थेंब कुत्र्याला घालणे ही माया खरी, पण उपचार नव्हे. आणि तीच बाटली पुन्हा पोराच्या डोळ्यात घालणे, हे तर दोघांच्याही वाईटाचे.

तंबाखू चावून डोळ्यात चूळ मारणे, मीठ फुंकणे, कानशिलावर डाग देणे हे प्रकार अजून पुरते गेलेले नाहीत. त्यांविषयी एवढेच सांगतो, की आधीच जखमी डोळ्याला मीठ आणि तंबाखू लावून जखम वाढते. पाणी जास्त आले म्हणजे घाण निघून गेली, असे नव्हे. तो डोळा कळवळत असतो.

आता गाडीवानाची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खरी आहे. तो पाथर्डी-शेवगावच्या किंवा बीडच्या गावाहून उचल घेऊन आलेला असतो. पहाटे फडात, दुपारी रस्त्यावर, रात्री नंबरला. बैल दवाखान्यात न्यायचा तर एक खेप बुडते. खेप बुडाली तर उचल फिटत नाही. सरकारी दवाखान्याच्या वेळेत त्याला सवड नसते आणि खाजगी डॉक्टर तळावर बोलवायचा तर पैसे लागतात. म्हणून तो शेजारच्याची ट्यूब घेतो. त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. त्याच्याकडे ट्यूब सोडून दुसरा मार्गच ठेवलेला नाही.

आणि डोळा गेला तर बैलाची किंमतच जाते. काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात घेणारा आधी दात पाहतो, मग डोळे पाहतो. एका डोळ्याने गेलेला बैल गिऱ्हाईक दुरूनच ओळखतो. रस्त्याने जाताना त्या बाजूने ट्रॅक्टर आला की तो बुजतो आणि अपघाताची भीती राहते. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीला बंदी आहे, म्हणजे निकामी बैल दारात बांधून पोसावाच लागतो. दुसरा बैल घ्यायचा तर पुन्हा मुकादमापुढे हात पसरायचा. डोळ्याचे दुखणे असे पुढच्या हंगामाच्या उचलीत जाऊन बसते.

म्हणून आपल्या संचालक मंडळापुढे आणि वार्षिक सभेत सभासदांनी पुढील गोष्टी मांडाव्यात, असे मला वाटते.

पहिली, टोळ्या तळावर उतरल्या की आठवडाभरात नोंदणीकृत पशुवैद्यकांकडून सर्व बैलांची तपासणी व्हावी. खूर आणि खांदे पाहतात तसे डोळेही पाहावेत.

दुसरी, हंगाम चालू असेपर्यंत आठवड्यातून ठरलेल्या दोन संध्याकाळी डॉक्टर तळावर यावेत. फ्लुओरेसिनच्या पट्ट्या आणि त्यांनी सांगितलेली औषधे गट ऑफिसात राहावीत, पण चिठ्ठी डॉक्टरांचीच असावी. आमच्या खात्याच्या माणसांनी, मी धरून, औषध सुचवू नये. शेतीचा डिप्लोमा उसाच्या पानावरचा तांबेरा ओळखायला पुरतो, बुबुळावरची जखम ओळखायला नाही.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेल्या बैलाच्या गाडीचा नंबर जाऊ नये आणि त्या दिवसांची कपात होऊ नये. एवढे केले नाही तर पहिल्या दोन गोष्टी कागदावर राहतील. विश्रांती घेतली म्हणून उपाशी राहावे लागत असेल, तर कोणताही माणूस बैल जुंपणारच.

खर्चाचा प्रश्न निघेल. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी आपल्याच उसाच्या दरातून जातो, हे मला माहीत आहे. पण गाडी बंद पडली की ऊस फडात वाळतो, वजन घटते, उतारा घटतो. तो तोटाही आपल्याच खात्यावर पडतो. याच जिल्ह्यात, लोणीला, शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी साखर कारखाना उभा करायला घेतला, तेव्हा एकट्याला न पेलणारे काम सगळ्यांनी मिळून करायचे, हाच त्यामागचा विचार होता. एका गाडीवानाला डॉक्टर परवडत नाही, तळाला मिळून परवडतो.

ही सोय होईपर्यंत घरी आणि तळावर एवढे तरी करावे. डोळा गळू लागताच जनावर सावलीत, इतरांपासून वेगळे बांधा. उकळून गार केलेल्या पाण्याने स्वच्छ फडक्याने डोळा पुसा. ते फडके दुसऱ्या जनावराला वापरू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, किंवा फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक लावा. डॉक्टरांनी दिलेली ट्यूब खालची पापणी ओढून आतल्या बाजूला घाला, टोक डोळ्याला टेकवू नका. सांगितले तितके दिवस औषध पुरे करा, दोन दिवसांत बरे दिसले म्हणून थांबू नका. उरलेली ट्यूब पुढच्या वर्षासाठी कोनाड्यात ठेवू नका, आणि शेजाऱ्याला तर मुळीच देऊ नका. आधी आणि नंतर हात साबणाने धुवा.

पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो, झूल घालतो, पुरणपोळी चारतो. ते जरूर करावे. त्याबरोबर येत्या हंगामात तळावर त्याचा डोळा पाहणारा डॉक्टरही असावा, एवढे आपण सभासदांनी मिळून ठरवावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी