भरपाईची सुरुवात केसपेपरपासून

खेड तालुक्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत 20 मार्च 2021 रोजी घरडा केमिकल्सच्या कारखान्यात स्फोट झाला. त्यात किमान चार कामगारांचा जीव गेला. अशा दुर्घटनेनंतर काय घडते हे लोकांना आता पाठ झाले आहे. पंचनामा होतो, चौकशीचे आदेश निघतात, वारसांना मदत जाहीर होते आणि काही दिवसांत विषय मागे पडतो. त्याच वसाहतींमध्ये वर्षानुवर्षे वाफा, धूळ आणि गोंगाट सोसणारा कामगार मात्र या चर्चेत कुठेच नसतो. त्याचा अपघात सावकाश घडत असतो.

मदत आणि भरपाई यांत फरक आहे. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, भरपाई हा कायद्याने दिलेला हक्क आहे. 1923च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने तो दिला. 21 नोव्हेंबर 2025पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण मूळ सूत्र कायम राहिले. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के भाग घेऊन त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. तिसाव्या वर्षी हा गुणक 207.98 आहे. 2020मध्ये हिशेबासाठी मजुरीची कमाल मर्यादा 15 हजार रुपये ठरली. त्या मर्यादेने तीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई 15 लाख 59 हजार 850 रुपये होते. प्रत्यक्ष पगार 25 हजार असला तरी आकडा तोच. ही मर्यादा आजच्या पगारांच्या मानाने तोकडी आहे.

कामगार कंत्राटी असला तरी हक्क बुडत नाही. कारखान्याच्या नेहमीच्या कामासाठी ठेकेदाराने माणूस आणला असेल, तर मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. मृत्यूच्या प्रकरणात ही रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. घरच्यांच्या हातावर पैसे टेकवून कागदावर सही घेतली म्हणून जबाबदारी संपत नाही. जिथे राज्य कामगार विमा योजना लागू आहे, तिथे एकरकमी रकमेऐवजी त्या योजनेतून दरमहा लाभ मिळतो.

आजाराबाबतही कायदा कामगाराच्या बाजूने उभा आहे. व्यवसायजन्य आजारांची यादीच कायद्याला जोडलेली आहे. शिसे, क्रोमियम, फॉस्फरसची विषारी संयुगे, बेंझीनचे घातक घटक यांमुळे होणारे आजार आणि गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा त्यात आहेत. यादीतील अशा आजारांत संबंधित कामावर सलग सहा महिने काढलेले असतील, तर तो आजार कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाते. तसे नाही, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो.

मग दावे का दिसत नाहीत? कारण आजार आणि काम यांची गाठ कागदावर पडतच नाही. खोकला, दम, अंगावर चट्टे, चक्कर घेऊन कामगार गावातल्या डॉक्टरकडे जातो. केसपेपरवर नाव, वय आणि तक्रार लिहिली जाते. तो काय काम करतो, कोणत्या विभागात, किती वर्षांपासून, हे लिहिले जात नाही. एक ओळ राहून जाते आणि पुढे दाव्याच्या वेळी पुरावा उरत नाही.

कीटकनाशकांचे उदाहरण घ्या. ऑर्गनोफॉस्फेट गटातील रसायने शरीरातील कोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात. घाम, लाळ, मळमळ, बारीक झालेल्या बाहुल्या ही त्याची लक्षणे. रक्तातील या विकराचे प्रमाण मोजता येते, पण ते निरोगी माणसांतही बरेच वेगवेगळे असते. म्हणून कामाला लागण्यापूर्वीची नोंद हवी. ती असेल तरच नंतरची घट कळते. ती नसेल तर निम्म्यावर आलेला आकडाही ‘सर्वसाधारण’ वाटू शकतो.

भोपाळच्या 1984च्या वायुकांडानंतर, 1987मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली ती यासाठीच. धोकादायक प्रक्रियेतील कामगाराची काम देण्यापूर्वी आणि पुढे किमान वर्षातून एकदा तपासणी, तसेच आरोग्याच्या नोंदी कामगाराला पाहण्याची मुभा, हे तेव्हापासून मालकाचे कर्तव्य झाले. व्यवसायजन्य आजार आढळल्यास सरकारी यंत्रणेला कळवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही आहे. ती पार पाडायची तर रुग्णाला त्याचे काम विचारावे लागेल.

लोटे येथे किंवा राज्यातील कोणत्याही रासायनिक वसाहतीत यासाठी नवा कायदा लागणार नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने तपासणीला जाताना यंत्रांबरोबर कंत्राटी कामगारांच्या आरोग्य नोंदीही मागाव्यात. परिसरातील सरकारी व खासगी दवाखान्यांनी केसपेपरवर कामाचा रकाना ठेवावा. कामगारांनी हजेरीचा पुरावा, गेटपास, पगाराची पावती आणि तपासणी अहवालाची प्रत घरी जपून ठेवावी. स्फोटात गेलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाईसाठी झगडावे लागते, पण निदान तो कशाने गेला हे तरी सर्वांना ठाऊक असते. छातीच्या विकाराने घरी बसलेल्या कामगाराला आधी तेवढेच सिद्ध करावे लागते, आणि त्याचा पुरावा तो धडधाकट असतानाच तयार व्हायला हवा.