साखळी शिकविणारा

आमच्या किनाऱ्यावर हुतुतू न खेळलेला मुलगा शोधावयाचा झाल्यास बरीच पायपीट करावी लागेल. ओहोटी लागली कीं अलिबागपासून मुरुडपर्यंत ओल्या वाळूवर टाचेनें रेषा ओढल्या जातात. खेळास आतां सर्वत्र कबड्डी म्हणतात, तरी आजोबांच्या तोंडीं अद्याप हुतुतूच असतें. अशा सामन्याभोवतीं उभें राहून आम्हीं एक गोष्ट पुष्कळदां पाहिली आहे. चढाई करणारा गडी दोघांस शिवून परतला म्हणजे टाळ्यांचा कडकडाट होतो; तोच गडी पलीकडे पकडला गेला म्हणजे लोक म्हणतात, "आज त्याचा दिवस नव्हता!" त्यास पकडलें कोणीं, हें विचारणारा विरळा.

यंदा हा विषय हातीं घेण्यास निमित्त झालें तें असें. आमचा दहावींतील एक विद्यार्थी डाव्या कोपऱ्यावर खेळतो, आणि पुढें आपण कबड्डीचा शिक्षक होणार असें म्हणतो. त्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. "गुरुजी," ते म्हणाले, "खेळून नांव काढीन म्हणाला असता, तर एक वेळ समजलों असतों. पण दुसऱ्यांस खेळावयास शिकवून याचें व्हावयाचें काय?" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता, म्हणून त्याचें उत्तर येथें जरा विस्तारानें देतों.

पकड ही एकट्याची करामत दिसते, पण ती तशी नसते. सात जणांच्या फळींत कोपऱ्यावरचा गडी चढाईवाल्याच्या पायांवर नजर ठेवून असतो. पाऊल आंत पडलें कीं तो घोटा धरतो. परंतु घोटा धरणें हें अर्धेंच काम झालें. शेजारचा गडी त्याच क्षणीं कंबरेवर येऊन पडला नाहीं, तर पाय निसटतो, आणि धरणाराच बाद होतो. चढाई अवघ्या ३० सेकंदांची. त्यांतील बहुतेक वेळ साखळीनें हात धरून नुसतें मागेंपुढें सरावयाचें असतें. उतावळेपणा केला कीं गुण गेलाच. पायांतील चपळाई उपजत असूं शकेल. पण शेजाऱ्यावर विश्वास टाकून थांबणें हें शिकवावेंच लागतें, आणि तें तेंच तेंच वर्षानुवर्षें शिकवावें लागतें. खारेपाटांतील शेतकऱ्यास हें निराळें सांगावयास नको. बांध धडधाकट आहे तोंवर त्याकडे कोणी वळून पाहत नाहीं. खांड पडली कीं सारा गांव धावतो.

अमेरिकेंतील कॉलेजांत जो फुटबॉल खेळतात, त्यांतही असेच पांच गडी असतात. चेंडू घेऊन धावणाऱ्यास वाट करून देणें व फेंकणाऱ्याचें रक्षण करणें एवढेंच त्यांचें काम. गुण मिळविण्याचा मान त्यांच्या वाट्यास क्वचितच येतो. तरी त्या पांचांसाठीं तेथें स्वतंत्र शिक्षक नेमलेला असतो, आणि या एकाच कामांत कित्येकांचा सारा जन्म जातो. न दिसणाऱ्या कामासही गुरु लागतो, हें त्या लोकांनीं ओळखलें आहे.

आपणांस तें ओळखण्यास पराभव सोसावा लागला. आशियाई क्रीडास्पर्धांत महिलांची कबड्डी २०१० सालीं ग्वांगझू येथें आली. तेथें व पुढें २०१४ सालीं इंचॉन येथें सुवर्णपदक भारतीय मुलींनींच मिळविलें. इंचॉनच्या अंतिम सामन्यांत त्यांनीं इराणला ३१-२१ असें हरविलें. नंतर इराणनें काय करावें? नाशिकच्या शैलजा जैन यांस बोलावून नेलें. या बाईंनीं नाशिकांत अनेक वर्षें मुलींस कबड्डी शिकविली होती. भारताच्या संघास शिकवावें ही त्यांची इच्छा मात्र फळास आली नव्हती. परक्या मुलखांत त्यांनीं कामापुरती फारसी भाषा आत्मसात केली आणि खेळाडू मुलींस योगासनें व प्राणायाम यांची संवय लाविली. हा खेळच दमाचा, तेव्हां हें योग्यच झालें. २४ ऑगस्ट २०१८ रोजीं जकार्ता येथें इराणच्या मुलींनीं भारतास २७-२४ असें नमवून सुवर्णपदक नेलें.

आमच्या परिचयांतील कांहींस ही गोष्ट रुचली नाहीं. घरची विद्या शेजाऱ्यास देऊन घरच्यांसच हरविलें, असें ते म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. विद्या ही कोंडून ठेवण्याची वस्तु नव्हे. जो आदरानें दार उघडील त्याच्याकडे ती जाणार. विचारावयाचेंच तर आपलें दार बंद कां राहिलें, हें विचारावें. २०२३ सालीं हांगझू येथें आपल्या मुलींनीं तें पदक परत आणिलें, पण चिनी तैपेई संघावर २६-२५ असा अवघ्या एका गुणानें विजय मिळवून. एक गुण म्हणजे एक पकड.

आतां त्या वडिलांच्या काळजीकडे वळूं. खेळाचे शिक्षक घडविणारी पतियाळा येथील संस्था १९६१ पासून चालू आहे. सरकारनें १९८५ सालीं द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला, आणि पहिल्याच वर्षीच्या तिघां मानकऱ्यांत भालचंद्र भास्कर भागवत हे कुस्तीचे महाराष्ट्रीय गुरु होते. २०१४ पासून कबड्डीचे धंदेवाईक संघ झाले. त्यांस शिक्षक लागतात. तरी पोटापाण्याची हमी आम्ही देऊं शकत नाहीं, आणि खोटी हमी देणें हें आमचें काम नव्हे. परीक्षा जवळ आली कीं खेळाचा तास गणितास देणाऱ्यांत आम्हीही आहों. बक्षिसांच्या दिवशीं चषक चढाई करणाऱ्यास आणि कोपऱ्यावरच्यास टाळ्या, ही वाटणीही आमचीच. पुढील वर्षीं एक बक्षीस पकडीसाठीं ठेवावें, असें आम्हीं सुचविलें आहे, पाहूं या.

तो विद्यार्थी सध्यां ओहोटीच्या वेळीं सहावीच्या मुलांस वाळूवर उभें करून, शेजाऱ्याचा हात किती घट्ट धरावा आणि केव्हां सोडावा, तें दाखवीत असतो. परवां त्याचे वडील सायकल हातीं धरून बराच वेळ सुरूच्या झाडांखालीं पाहत उभे होते. होकार त्यांनीं अद्याप दिलेला नाहीं.