जलप्रतरण केवळ उत्तरपत्रिकेपुरते?

उपशयाचे अठरा प्रकार आपण सर्वांनीच पाठ केले आहेत. त्यांतील हेतुव्याधिविपरीतार्थकारी विहाराचे उदाहरण विचारताच ‘जलप्रतरण’ हे उत्तर विद्यार्थी आजही क्षणात देतो. पदवीनंतर मात्र हा शब्द किती वैद्यांच्या चिकित्सापत्रावर उमटतो?

चरकाचार्यांनी ऊरुस्तंभात (चिकित्सास्थान, अध्याय २७) स्नेहन व शोधन वर्ज्य सांगितले आणि कफक्षयासाठी रुग्णास शीतजल नदीत प्रवाहाविरुद्ध, तसेच स्थिर जलाच्या सरोवरात पुन:पुन्हा पोहावयास लावले. जल शीत असूनही कफ क्षीण होतो, कारण येथे कार्य करतो तो व्यायाम. आपल्या चिकित्सालयांत मात्र जल म्हणजे अवगाह, आणि अवगाह म्हणजे द्रोणीत निश्चल बसणे, एवढेच समीकरण रूढ झाले आहे.

कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचा सुमारे निम्मा भार येतो, छातीइतक्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश. जिन्याच्या चार पायऱ्यांना घाबरणारी स्थूल, जानुसंधिगत वाताची रुग्णा तेथे निर्धास्त चालू शकते. शिवाय गती दुप्पट केल्यास पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. म्हणजे अर्धशक्ती व्यायामाची मात्रा रुग्णाच्याच पावलांत राहते. २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेत, १३ चाचण्यांच्या आधारे, जानु व कटिसंधीच्या ऱ्हासात जलव्यायामाने वेदनेत अल्पसा व अल्पकालीन लाभ नोंदविला आहे. लाभ माफक आहे. जाहिरातीत त्याचा चमत्कार करू नये, ही विनंती.

ऊरुस्तंभाचे शीतजल संधिगत वातात जसेच्या तसे वापरणे मात्र अशास्त्रीय ठरेल. तेथे कोमट, सुमारे ३३-३४ अंश सेल्सिअसचे जलच युक्त. गळ्यापर्यंतच्या पाण्यात पायांतील रक्त छातीकडे सरकते व हृदयावरील भार वाढतो, म्हणून हृद्रोग्यास तपासल्याविना पाण्यात उतरवू नये. ज्वर, अपस्मार व उघडे व्रण हेही निषेधच.

स्वतंत्र कुंड बांधणे प्रत्येकास परवडणारे नाही. गावातील तरणतलावाच्या उथळ भागात, उष्ण ऋतूत, आठवड्यातून दोनदा एक तास राखून मिळविणे अनेकांना शक्य आहे. वृद्ध स्त्रियांसाठी वेळ वेगळी हवी, अन्यथा त्या येणारच नाहीत. औषधालयचालकांनी तेलाच्या खपाची काळजी करू नये. अभ्यंग जलव्यायामानंतर, घरी परतल्यावर करावयाचा आहे. तेल लावून तलावात उतरलेल्या रुग्णाबरोबर वैद्यालाही तेथून बाहेर जावे लागेल! चिकित्सापत्रावर नुसते ‘पोहावे’ असे न लिहिता पाण्याची खोली, उष्णता व मिनिटे लिहावीत.