मागची काच

"ताई, साहेबांना पाठवून द्या ना, त्यांना नीट समजावून सांगतो."

मैत्रिणींनो, गॅरेजमध्ये हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई विरळाच. गाडी माझी, आरसी बुकावर नाव माझं, बिल माझ्या पगारातून, आणि आत पाणी गळतंय हेही मीच पाहिलेलं. तरी समजावून सांगायचं ते साहेबांना! आमचे साहेब स्कूटरच्या पलीकडे कशाला हात लावत नाहीत, हे त्या मिस्त्रींनाही ठाऊक होतं.

गाडी माझ्या बाबांची. १९८६ची प्रीमियर पद्मिनी, पांढरी, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा असलेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची ती. मूळची फियाट, १९७४ साली तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांना आठवते. तिथेही २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली. बाबा गेल्यावर घराच्या हक्कसोड पत्रावर मी मुकाट्यानं सही केली. ते बरोबर की चूक, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण गाडी मात्र मागून घेतली. भाऊ हसला. "अगं, भंगारात घालायची वेळ झालीय तिची!" म्हणाला. वहिनी काही बोलली नाही, पण कागदांवर त्यांच्या सह्या लागत होत्या तेव्हा तिनेच त्याच्या हातात पेन दिलं.

तर ही गाडी पावसाळ्यात गळायची. मागच्या सीटच्या पाठीशी जी फळी असते, तिच्यावर पाणी यायचं, तिथून सीटमध्ये आणि डिकीत. आत बसलं की ओल्या गोणपाटाचा वास. त्याच्या आदल्या वर्षी मी तिला रंग दिला होता, मोठ्या शहरातल्या एका दुकानात. तेव्हा मागची काच काढून परत बसवली होती म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मी बघितलं नाही. त्यांनी मला एसी केबिनमध्ये बसवलं, चहा दिला, मासिक दिलं. दीड तासानं बोलावलं तर काच जागेवर, कडेची चांदीसारखी पट्टी चकाचक. मी पैसे दिले, धन्यवादसुद्धा म्हटलं!

या खेपेला आमच्या गावातल्या जुन्या मिस्त्रींकडे गेले. बाबांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हातची. त्यांनीही आधी तेच सांगितलं, "सिलिकॉनची एक नळी मारतो कडेनं, थांबेल पाणी." मी म्हटलं, "काच काढा." मग साहेबांचा विषय निघाला. मी सरळ तिथलं स्टूल ओढलं आणि बसले.

रबर इतकं वाळलं होतं की वाकवलं की तडकत होतं. तसंही नवं घालायचंच होतं, म्हणून मिस्त्रींनी ते ब्लेडनं कापून काढलं. काचेला जोर लावायला नको म्हणून. मागची काच टफन केलेली असते. मधोमध थाप मारली तर काही होत नाही, पण कडेला लोखंडाचा जरासा टोला बसला की अख्ख्या काचेचा क्षणात साबुदाणा होतो. म्हणून ती काढून थेट माझ्या जुन्या गोधडीवर निजवली.

आणि मग जे दिसलं ते बघून मला रडूच आलं. रबर ज्या पत्र्याच्या काठावर बसतं, तो काठ खालच्या दोन्ही कोपऱ्यांत कुजला होता. बोट लावलं तर पापुद्रे निघत होते. मोहरीएवढी दोन भोकं आरपार. आणि त्या गंजावर, न खरवडता, सरळ नवा रंग! वर सिलिकॉनचा थर. मिस्त्रींनी सांगितलं, हे साधं सिलिकॉन वाळताना शिरक्यासारखा आंबूस वास येतो, त्यातल्या आम्लानं उघडा पत्रा आणखी गंजतो. म्हणजे पाणी थांबवायला लावलं तेच पत्रा खात बसलेलं. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून भिंतीच्या ओलीवर चुना फासतात ना, तसला प्रकार.

फसवलं म्हणावं तर ते आहेच. पण मी केबिनमध्ये बसले होते, हेही आहे. रबराखाली काय झाकलं जातंय हे काच उघडी असेल तेवढाच वेळ दिसतं, आणि नेमकं तेव्हा मी मासिक चाळत होते. पुरुष गिऱ्हाईक असतं तर? त्यालाही फसवतात, नाही असं नाही. पण तो निदान बाजूला उभा राहतो. त्याला काही कळो न कळो, त्याच्यासमोर गंजावर रंग मारायला हात जरा कचरतो. आपल्याला मात्र लहानपणापासून शिकवलेलं, गॅरेजात बाईमाणसानं उभं राहू नये, तिथे ऑइल असतं, शिव्या असतात. असतात. भाजी मंडईत नसतात का?

भोकांत लांबी भरून मोकळे होऊ, असं मिस्त्री म्हणत होते. मी म्हटलं, पत्र्याचा तुकडा जोडा. कारण विचारलं तर मला नीट सांगता येईना, एवढंच म्हटलं की लांबी पाणी धरते आणि खालून गंज पुन्हा वर येतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वेल्डिंगवाल्याला हाक मारली. मग घासून पत्रा पांढरा केला, रेड ऑक्साइड लावलं, वर रंग. वाळायला दोन दिवस ठेवलं. खरं सांगू, हे दोन दिवसच कुणाला नको असतात. दुकानदाराला नको, आपल्यालाही नको. "आज मिळेल ना?" हे आपणच विचारतो.

काच बसवायच्या दिवशी मिस्त्रींचा पोऱ्या आलाच नाही. नवं रबर उन्हात ठेवून मऊ केलं होतं. त्याला दोन बाजूंना दोन खाचा असतात, एकीत काच बसते, दुसरीत गाडीचा पत्रा. बाहेरच्या अंगाला आणखी एक बारीक चीर असते, तिच्यात चकचकीत पट्टी. मिस्त्रींनी रबर काचेभोवती चढवलं आणि पट्टी जमिनीवरच घालून घेतली. काच गाडीत बसल्यावर पट्टी घालायला गेलं की ठोकाठोकी होते आणि ती वाकते. आमच्या पट्टीवर आधीच्या दुकानातल्या ठोकाठोकीचे पोचे होतेच. ते लाकडावर धरून हलक्या हातानं काढले, तरी एक राहिलाय.

मग पत्र्याच्या खाचेतून सगळीकडून नायलॉनची दोरी फिरवली आणि दोन्ही टोकं खाली मधोमध आतल्या बाजूला सोडली. वर साबणाचं पाणी. तेल अजिबात नाही, तेलानं रबर फुगतं.

"ताई, आत बसा. परकराची नाडी ओवता ना, तसंच. फक्त उलटं."

मी मागच्या सीटवर गुडघे टेकून बसले. ते बाहेरून तळहातांनी काच दाबत होते, मी आतून दोरी ओढत होते. दोरी निघते तशी रबराची ओठाळ पत्र्यावरून आत उलटते. घाई केली तर दोरी निसटते, ओठ बाहेरच राहतो. वरच्या कोपऱ्यात नेमकं तसंच झालं. मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, मी म्हटलं थांबा, आणि डब्याच्या पिशवीतला लाकडी चमचा काढला. त्याच्या दांड्यानं ओठ हळूच आत आला. दोघांना मिळून पाऊण तास लागला. माझ्या बोटांना दोरीचे वळ पडले होते.

फळीवर वर्तमानपत्र पसरून, आधी खालच्या कडेवर आणि मग वर, असं नळीनं पाणी मारलं. दहा मिनिटांनी पेपर कोरडा. त्या पावसाळ्यात डिकीत पापड ठेवले असते तरी चालले असते.

मी काही मेकॅनिक झाले नाही. टायर बदलताना अजून घाम फुटतो. पण परवा फोन आला, घरच्या नंबरवर नाही, माझ्या मोबाइलवर. "ताई, पुढच्या काचेचं रबर कोपऱ्यात तडकलंय. पावसाआधी करायला हवं. कधी येता?"

रविवारी नऊला येते म्हटलं. दोरी माझ्याकडेच आहे.