कुळाला बोल लावू नका, रक्त तपासून घ्या

"पोरीच्या घरात रक्ताचा आजार आहे म्हणं."

वस्तीत एवढे एक वाक्य फिरले की ठरत आलेली सोयरीक मोडते. मुलगी किनवटकडची, मुलगा लातूरचा. दोन्हीकडची पसंती झालेली, साखरपुड्याची तारीख काढायची तेवढी राहिलेली. मग कोणी तरी सांगते की मुलीचा धाकटा भाऊ सारखा दवाखान्यात असतो, त्याला सिकलसेल आहे. दुसऱ्या दिवशी मुलाकडून निरोप येतो, 'आमचा विचार नाही.' मुलीचे रक्त कोणी तपासलेले नसते. मुलाचेही नसते. पुढे त्या मुलाचे लग्न दुसरीकडे होते आणि तिथेही कोणी रक्त तपासत नाही.

अशा वेळी नुकसान दोनदा होते. एका मुलीला विनाकारण डाग लागतो, आणि आजार टाळण्याची जी खात्रीची वाट आहे ती तशीच पडून राहते. माझे स्पष्ट मत आहे की सिकलसेलला कुळाचा दोष म्हणणे हा आता सरळ सरळ अन्याय आहे. हा दोष शरीरात नेमका कुठे आहे, ते शास्त्रज्ञांनी बोट ठेवून दाखवून दिले आहे. ते त्यांनी कसे शोधले, हे आपल्या घराघरात माहीत असायला हवे.

एक मणी बदलला

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. एकेका पेशीत हिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचे सुमारे २७ कोटी कण असतात. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे त्यांचे काम. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, अंडी, मटण आठवते. पण शरीरातली बहुतेक कामे करणारे कामगारही प्रथिनेच असतात. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या मण्यांची माळ. ही माळ गुंडाळून तिला एक ठरावीक आकार येतो आणि त्या आकारावर तिचे काम अवलंबून असते. हिमोग्लोबिनच्या एका कणात अशा चार माळा असतात. दोन १४१ मण्यांच्या आणि दोन १४६ मण्यांच्या.

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका आजारी विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. सिकल म्हणजे विळा, आपला इळा. नाव त्यावरूनच पडले. पण पेशी वाकडी का होते, ते त्या सूक्ष्मदर्शकातून कळेना. प्रथिन इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसतच नाही. मग न दिसणाऱ्या वस्तूची घडण शोधायची कशी?

१९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेचा उपयोग केला. निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन त्यांनी विजेच्या प्रवाहात सोडले. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकले. म्हणजे दोघांवरचा विद्युतभार वेगळा होता. ज्यांच्यात आजाराचा गुण होता पण त्रास नव्हता, त्यांच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन सापडले. एखादा आजार थेट एका प्रथिनाच्या घडणीत सापडण्याची ही पहिलीच वेळ होती.

पुढचे काम इंग्लंडमधल्या केंब्रिजला झाले. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिनच्या माळेचे लहान लहान तुकडे केले आणि ते कागदावर पसरवले. निरोग्याच्या आणि रुग्णाच्या कागदावरचे ठिपके जुळले. एकच ठिपका जागा सोडून होता. त्या तुकड्यात शोध घेतल्यावर कळले की १४६ मण्यांच्या माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवे, तिथे व्हॅलिन बसले आहे. बस, एवढेच. बाकी सगळी माळ तीच.

त्याच केंब्रिजला मॅक्स पेरुट्झ हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून त्याचा आकार शोधत होते. त्यांनी १९३७ मध्ये काम सुरू केले आणि आकार हाती आला तो १९५९ मध्ये. एका प्रथिनामागे बावीस वर्षे! त्यांना १९६२ साली नोबेल मिळाले. आपल्या देशातही मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रथिनाची माळ कोणत्या कोनांत वळू शकते याचा नकाशा काढला. प्रथिनाचा काढलेला आकार बरोबर आहे की नाही, हे जगभर आजही त्या नकाशावर पडताळतात. आता तर अमिनो आम्लांच्या क्रमावरून संगणक प्रथिनाचा आकार सांगतो. त्या कामाला २०२४ चे नोबेल मिळाले.

पाणी हेही औषधच

प्रथिन दिसते कसे हे कळले, तरी ते वागते कसे हे कळायचे होते. बदललेले हिमोग्लोबिन प्राणवायू घेऊन चालले असते तोवर ठीक वागते. प्राणवायू देऊन टाकला की त्या बदललेल्या मण्यामुळे एक कण दुसऱ्याला चिकटतो, दुसरा तिसऱ्याला. पेशीच्या आत लांब ताठ दोर तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी होऊन बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग हाडे फोडल्यासारखी कळ येते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मरते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे दिसतात.

१९७४ साली अमेरिकेतल्या विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिच्टर यांच्या गटाने एक मोलाची गोष्ट मोजली. हे दोर लगेच तयार होत नाहीत, थोडा वेळ घेतात. तेवढ्या वेळात पेशी बारीक वाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे पोचली तर धोका टळतो. पण पेशीतले पाणी थोडे जरी कमी झाले आणि आतले हिमोग्लोबिन दाटले, तर हा वेळ फार झपाट्याने घटतो.

डॉक्टर सिकलसेलच्या रुग्णाला 'भरपूर पाणी प्या' म्हणतात, तेव्हा ते बोलायचे म्हणून बोलत नाहीत. त्यामागे हे मोजमाप आहे. आता विचार करा. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या वस्तीतल्या रुग्णाने पाणी कुठून आणायचे? ऊसतोडीला गेलेल्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या रुग्णाने काय करायचे? वस्तीतला नळ हा अशा घरासाठी औषधाचाच प्रश्न आहे. नगरसेवकाला आणि ग्रामपंचायतीला तो तसाच सांगितला पाहिजे.

औषधही प्रथिनाच्या अभ्यासातूनच सापडले. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि ते या दोरांत सामील होत नाही. म्हणून जन्मानंतर काही महिने बाळाला त्रास होत नाही. हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध मोठ्या माणसाच्या अंगात हेच बाळाचे हिमोग्लोबिन वाढवते आणि कळा कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक वेळाने रक्त तपासूनच घ्यायचे असते. मूल व्हावे असा विचार असेल तर नवरा-बायको दोघांनीही ते आधी डॉक्टरांना सांगावे. आणि रक्त कमी दिसले म्हणून आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

जात पाहून नव्हे, डास पाहून

हा मणी आपल्याकडेच का बदलला, असे कोणी विचारते तेव्हा त्यात कुजका अर्थ असतो. उत्तर स्पष्ट आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले की ज्याच्यात हा गुण एकाच पालकाकडून आलेला असतो, त्याला जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते. जिथे हिवतापाने पिढ्यान् पिढ्या लेकरे दगावली, तिथे हा गुण असलेली लेकरे जगली. म्हणून तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे आणि आपल्या जंगलपट्ट्यातही आहे. तो जात पाहून आला नाही, डास पाहून आला. मात्र एक लक्षात ठेवावे. आई आणि बाप दोघांकडूनही हा गुण आलेल्या रुग्णाला हिवताप फार धोक्याचा असतो.

भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा गुण पहिल्यांदा नोंदला गेला. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी तो मध्य भारतात, आपल्या समाजातही असल्याचे प्रसिद्ध केले. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले. या मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण आपल्या समाजात हा गुण आहे हे ज्ञान साठ वर्षांहून जुने असताना शहरातल्या बौद्ध वस्त्या तपासणीतून सुटू नयेत, हे सांगायला आपणच पुढे झाले पाहिजे. 'हा आजार विदर्भातला, फार तर किनवट-माहूरचा, लातूरला नाही' हेही सोडून द्या. लेकी-सुना आणि पोटासाठी फिरणारी माणसे जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाहीत. लातूरच्या लेकराचे सांधे वारंवार दुखत असतील, तर तो वात आहे की सिकलसेल, हे तपासल्याशिवाय कसे कळणार?

जातीची गोष्ट इथे वेगळ्या तऱ्हेने येते. जातीतल्या जातीतच लग्न लावणे हेच जातीचे खास लक्षण, असे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते. अशा बंद वर्तुळात एखादा गुण फिरून फिरून त्याच घरांत येतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या रिवाजात तर तो दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता आणखी वाढते. आजार आणला मणी बदलण्याने, पण तो ठरावीक घरांत साठवून ठेवला तो या रिवाजांनी.

कोणती तपासणी मागायची

गुण एकाच पालकाकडून आला असेल तर तो माणूस वाहक. त्याला 'एएस' म्हणतात. तो एरवी ठणठणीत असतो, त्याला औषध लागत नाही. दोन्हीकडून आला तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. वाहकाने गुण नसलेल्या जोडीदाराशी लग्न केले, तर त्यांचे एकही मूल एसएस होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएस मुलाची असते. 'एक आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील' हा हिशेब चुकीचा आहे. चारात एक ही शक्यता दर वेळी नव्याने असते. आणि मूल आजारी निघाले की सुनेला बोलणाऱ्या सासूने हेही ऐकावे, की एसएस मुलाला एक वाटा आईकडून आणि एक बापाकडून आलेला असतो.

शिबिरात बहुतेक वेळा सोल्युबिलिटी नावाची झटपट तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे बदललेले हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. तान्ह्या बाळात तर ती फसते. म्हणून तेवढ्यावर कोणालाही 'आजारी' ठरवू नका. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की तपासणी मागा. इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे पॉलिंग यांनी वापरलेली तीच विजेची युक्ती, आता एका पट्टीवर होते. जोडीदाराची तपासणीही पक्कीच हवी, कारण त्याच्यात थॅलेसेमियाचा गुण असेल तरी मुलाला त्रास होऊ शकतो आणि झटपट तपासणीत तो दिसत नाही. ही सोय तालुक्याच्या ठिकाणी असावी, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेत नोंदवली पाहिजे.

दोघेही वाहक निघाले म्हणून प्रेम तोडा, असे मी सांगणार नाही. दिवस राहिल्यावर पहिल्या काही महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते. डॉक्टरांकडून नीट समजून घेऊन निर्णय त्या दोघांनी करायचा.

घरात रुग्ण असेल तर ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला अचानक फुगणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र काढू नका, तडक मोठा दवाखाना गाठा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र काढून घ्या.

आपण लग्नात पत्रिका पाहणे सोडले. गुण जुळवणे, मुहूर्त, मंगळ, सगळे सोडले आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. आता त्या जागी रक्ताचा रिपोर्ट पाहायला शिकू. यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतून एक दिवस विहारात तपासणीचे शिबिर ठेवा. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्या, आशाताईंना सोबत घ्या, आणि आधी मंडळाच्या अध्यक्षांनी आपला हात पुढे करावा. रिपोर्ट मात्र ज्याचा त्याच्याच हातात द्या, त्याची चर्चा पारावर नको. मुला-मुलींनी कॉलेजच्या वयातच तपासून घेतले, तर सोयरीक जुळवताना दोन रिपोर्ट शेजारी ठेवता येतील. मग किनवटच्या त्या मुलीला नकार मिळालाच, तर तो निदान ऐकीव गोष्टीवर मिळणार नाही. कदाचित ती वाहकही नसेल. तिला कोणी विचारलेच नव्हते.