वृत्त की अलंकार?

ज्या कलेचे नाव जोडशब्दाने सांगावे लागते ती कला स्वतःच्या पायावर उभी नसते, असा एक समज आमच्या सुशिक्षित वर्गात फार दृढमूल होऊन बसला आहे. ‘लॅटिन जॅझ’ ह्या नावाचे दुर्दैव हेच. काही दिवसांमागे आमच्या श्रवणमंडळीत एडी पाल्मिएरी ह्या न्यूयॉर्कच्या पियानोवादकाची व वाद्यवृंदनायकाची ‘पाल्मास’ ही १९९४ सालची ध्वनिमुद्रिका लावण्यात आली होती. ती संपते न संपते तोच मंडळींतील एक विद्वान सद्गृहस्थ – जॅझचा त्यांचा व्यासंग आमच्याहून पुष्कळ दांडगा आहे – म्हणाले, “ठीक आहे, पण हा फोडणीचा भात! मूळचे जॅझ, त्याला क्युबाची फोडणी.” इतरांनी माना डोलविल्या, चहा आला, आणि निकाल लागला. फोडणीच्या भाताला भात आदल्या दिवसाचा लागतो. तेव्हा ह्या उपमेत शिळे कोण, जॅझ की क्युबा, हे आम्ही त्यांना तेव्हाच विचारावयास हवे होते. ते सुचले नाही. म्हणून हा लेख.

ही उपमा आमच्या मित्रांची स्वतःची नाही, हे प्रथम सांगणे अवश्य आहे. न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक जेली रोल मॉर्टन ह्याने १९३८ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी आपल्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, तेव्हा जॅझमध्ये स्पॅनिश छटा नसेल तर त्याला योग्य चव येणार नाही, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले होते. मॉर्टनच्या म्हणण्यातला ‘चव’ हा शब्द तेवढा पुढच्यांनी उचलला. त्या छटेवाचून जॅझ अपुरे राहील, हा त्यातला मुख्य भाग सोडून दिला. वस्तुतः डब्ल्यू. सी. हँडी ह्याच्या १९१४ सालच्या ‘सेंट लुई ब्लूज’ ह्या प्रसिद्ध रचनेचा एक भागच हाबानेराच्या, म्हणजे हवानाहून आलेल्या ठेक्यावर बांधलेला आहे. जॅझचे बालपणच ज्या घरात गेले, त्या घराला पाहुणा म्हणणे न्यायाचे नव्हे.

पण हा अन्याय केवळ चहाच्या पेल्यातला असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. अमेरिकेतील रेकॉर्डिंग अकादमी ही ग्रॅमी पारितोषिके देणारी संस्था. लॅटिन जॅझचा स्वतंत्र विभाग तिने १९९५ पासून सुरू केला, आणि तो व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत पाल्मिएरी प्रमुख होता. पुढे २०११ साली तिने आपले १०९ विभाग एकदम ७८ वर आणले, आणि त्या कत्तलीत हा विभाग गेला. लॅटिन जॅझने आता सर्वसाधारण जॅझच्या पंक्तीत बसावे, असा त्या निर्णयाचा अर्थ. आमच्या मित्रांचा फोडणीचा भात तो हाच. फक्त तो येथे समितीच्या ठरावातून वाढला गेला! वादकांनी निषेध केला, ढोलवादक बॉबी सानाब्रिया ह्याच्या पुढाकाराने प्रकरण न्यायालयात नेले, आणि २०१२ साली संस्थेने तो विभाग पुन्हा सुरू केला. पारितोषिकांचे आम्हांला फारसे प्रेम नाही. परंतु ज्या कलाप्रकाराला स्वतःचे नियम आहेत त्याचे मोजमाप दुसऱ्याच्या नियमांनी करण्याचा हक्क कोणाला पोचतो, हा प्रश्न पारितोषिकांहून मोठा आहे.

हे नियम कोणते? ह्या मासिकाच्या वाचकांना ते साहित्यशास्त्राच्या भाषेत सांगणे सोपे पडेल. आक्षेपकांची सारी चूक एका वाक्यात सांगता येते: ते वृत्ताला अलंकार समजतात. काँगा व बोंगो ही चामड्याची वाद्ये म्हणजे जॅझच्या अंगावर घातलेले दागिने, ते उतरवून ठेवले तरी देह तसाच राहतो, अशी त्यांची कल्पना आहे. परंतु क्युबाच्या संगीताचा कणा ढोलात नसून ‘क्लावे’ नावाच्या पाच आघातांच्या आकृतीत आहे. सोळा मात्रा मोजाव्या, आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या व तेराव्या मात्रेवर टेबलावर पेन्सिल आपटावी. पूर्वार्धात तीन आघात, उत्तरार्धात दोन, हीच क्लावे. अर्धे उलटे धरले तर आधी दोन व मग तीन. रचना कोणत्या बाजूने सुरू झाली हे एकदा ठरले की शेवटपर्यंत तीच बाजू पाळावी लागते, आणि पियानो, मंद्र स्वरांचे तंतुवाद्य, पितळी वाद्ये, एकट्याने घेतलेला आलाप, सर्वांनी तिलाच धरून बोलावयाचे असते. कित्येकदा ती प्रत्यक्ष कोणी वाजवीतही नाही. ती मनात चालते. शार्दूलविक्रीडितात लिहिणारा कवी बाराव्या अक्षरानंतर यति सांभाळतो तो कोणी टाळी वाजवून त्याला सांगते म्हणून नव्हे. आणि यतिभंग झाला की अर्थ कितीही सुंदर असो, श्लोक लंगडतो. क्लावे ओलांडली की न्यूयॉर्कच्या त्या मंडळींना ते असेच खुपते.

दुसरी गोष्ट मंद्र तंतुवाद्याची. आमचे कान समेला सरावलेले आहेत. आवर्तन पुरे झाले की तेथे काहीतरी पडले पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा असते. ह्या संगीतात मंद्र स्वर बहुधा समेच्या आधीच पडून मोकळा होतो, आणि समेच्या जागी पोकळी राहते. आमच्या तालविचारात ‘अनागत’ म्हणतात तसा हा प्रकार. मात्र आमच्याकडे तो चमत्कृतीसाठी क्वचित् येतो, तेथे तो चालण्याची रीतच आहे. त्यावर पियानोचा एक लहानसा तुकडा पुनःपुन्हा फिरत राहतो, त्याला ‘मोंतुनो’ म्हणतात. तबल्याच्या एकट्या वादनाला सारंगी किंवा हार्मोनियम लेहरा धरते ना? मोंतुनोचे काम पुष्कळसे तसेच आहे. इतके सांगितल्यावर हे संगीत ‘नियमशून्य मिश्रण’ आहे असे कोण म्हणेल?

तरीही आमच्याकडील चांगले जाणते लोक तसे म्हणतात, ह्याचे कारण आम्हांला मुंबईच्या इतिहासात दिसते. हे ठेके आमच्या कानांवर प्रथम आले ते चित्रपटांतून. सी. रामचंद्र – आमचे पुणतांब्याचे चितळकर – ह्यांनी १९५० च्या ‘समाधी’त ‘गोरे गोरे’ हे गीत दिले ते ‘चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको’ ह्या १९४५ च्या अमेरिकन चित्रगीताच्या चालीवरून; आणि १९५१ च्या ‘अलबेला’च्या वेळी त्यांच्या साथीला चिक चॉकलेट ह्यांच्यासारखे गोमंतकीय जॅझवादक होते. त्या चाली आम्हांलाही अजून पाठ आहेत, आणि त्यांची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण तेथे तो ठेका खरोखरच अलंकार होता. गाणे आमचे, पैंजण त्यांचे. ज्याला एखादी भाषा केवळ चार उसन्या शब्दांवरून माहीत आहे, त्याने तिला व्याकरण नाही असे ठरविले तर नवल नाही. मात्र प्राध्यापकाने तसे ठरवावे ह्याचे वाईट वाटते.

आता खुद्द ‘पाल्मास’. पाल्मिएरी १९३६ साली न्यूयॉर्कच्या स्पॅनिश हार्लेममध्ये पोर्तो रिकोहून आलेल्या आईबापांच्या पोटी जन्मला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वारला. तेराव्या वर्षी तो एका नातलगाच्या वाद्यवृंदात टिंबाल्स वाजवीत असे. पियानोकडे तो पुन्हा वळला तो त्यानंतर. त्याचा पियानो तालवाद्यासारखा का बोलतो हे समजण्यास एवढा एक तपशील पुरे आहे. १९६१ साली त्याने ‘ला पेर्फेक्ता’ हा संच काढला व त्यात ट्रंपेटांच्या जागी ट्रॉम्बोन बसविले. त्या वेळी हे विक्षिप्तपणाचे वाटले. पुढे न्यूयॉर्कच्या साल्सा संगीताचा आवाजच त्यावरून ठरला. १९६५ ची ‘असुकार’ ही त्याची रचना आठ मिनिटांहून अधिक चालते, तीही तीन मिनिटांच्या गाण्यांच्या काळात, आणि नाचणाऱ्यांसाठी! ह्या ‘नाचणाऱ्यांसाठी’वरच आमच्या मित्रांचा खरा रोख आहे. ज्यावर पाय हालतात त्यावर डोके हालू शकत नाही, अशी त्यांची समजूत. पण न्यूयॉर्कच्या पॅलेडियम नृत्यगृहातील गर्दी चुकलेली क्लावे तत्काळ ओळखीत असे. आमच्या श्रवणमंडळीत ती ओळखणारे किती निघतील?

‘पाल्मास’मध्ये पाल्मिएरीने गायक वगळला. पुढे ब्रायन लिंचचा ट्रंपेट, कॉनरॅड हर्विगचा ट्रॉम्बोन आणि डॉनल्ड हॅरिसनचा आल्टो सॅक्सोफोन. मागे रिची फ्लोरेस काँग्यावर, होसे क्लाउसेल टिंबाल्सवर, अँथनी कारिल्यो बोंगोवर. हे तिघे पुढचे वादक जॅझच्या शाळेत तयार झालेले, आणि ह्या तबकडीतला सारा रस त्यांची परीक्षा पाहण्यात आहे. त्यांच्या ताना जॅझच्या आहेत, पण श्वास घेण्याच्या जागा जॅझच्या नाहीत. वाक्य कोठे तोडावयाचे हे क्लावे ठरविते. पाल्मिएरीचा डावा हात मोंतुनो सोडीत नाही, आणि उजवा हात शेजारशेजारच्या पट्ट्या एकत्र दाबून असे कर्कश गुच्छ टाकतो की थेलोनियस मंकची आठवण व्हावी. परंतु प्रत्येक गुच्छ पडतो तो ठेक्याच्या सांध्यात. वाजविताना तो तोंडाने घुमतो, गुरगुरतो. आमच्या मित्रांना तो असंस्कृतपणा वाटला. बैठकीतला गवई हातवारे करतो तेव्हा मात्र ते ‘वा!’ म्हणतात.

म्हणजे ही तबकडी निर्दोष आहे काय? नाही. साल्सामध्ये एकट्या गायकाच्या सवालाला समूहाचा जबाब असतो. तो येथे नाही, आणि त्याची उणीव आम्हांला पदोपदी जाणवली. पितळी वाद्यांचे तुकडे ती जागा भरू पाहतात, पण पितळाला शब्द नाहीत. ध्वनिमुद्रणही जरा अधिकच स्वच्छ आहे; पाल्मिएरीच्या जुन्या तबकड्यांतला घाम येथे पुसून काढल्यासारखा वाटतो. आणि हेही कबूल केले पाहिजे की, लॅटिन जॅझच्या नावाखाली बाजारात जे येते त्यातले पुष्कळसे आक्षेपकांच्या वर्णनाला तंतोतंत उतरते: जॅझची एक जुनी चाल घ्यावी, कोपऱ्यात काँगेवाला बसवावा, आणि वर ताडाच्या झाडाचे चित्र छापावे. त्या मालाचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. आमची तक्रार एवढीच की, त्या मालावरून सुचलेला शेरा आमच्या मित्रांनी ‘पाल्मास’वर मारला.

त्यांना आमची एक विनंती आहे. त्यांनी आधी १९६५ ची ‘असुकार’ ऐकावी आणि मग ‘पाल्मास’ लावावी. ह्या क्रमाने, उलट नव्हे. हाती पेन्सिल घ्यावी, आणि ‘पाल्मास’ची पहिली रचना संपेपर्यंत ते पाच आघात न चुकता टेबलावर देऊन पाहावे. आम्ही दिले, आणि तीनदा घसरलो. ते न घसरता शेवटास पोचले, आणि त्यानंतरही त्यांना ‘फोडणी’ हाच शब्द योग्य वाटला, तर पुढील बैठकीत चहा आमच्याकडे.